पाण्याचा ताण आणि मायकोरायझा : वापर कुठे करावा, कुठे टाळावा

पेरणीनंतर पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली की पिकाला दोन्हीकडून फटका बसतो. पाणी कमी पडते आणि स्फुरदही मिळेनासे होते. स्फुरद जमिनीत मुळातच फारसे हलत नाही. मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातले संपले की पीक अडते, आणि ओल घटल्यावर ही अडचण वाढते.

मायकोरायझा बुरशीचे धागे मुळाच्या पेशींत शिरतात आणि बाहेर मातीत काही सेंटिमीटरपर्यंत पसरतात. त्यांची जाडी साधारण २ ते १० मायक्रॉन असते, त्यामुळे मूळ जिथे शिरू शकत नाही त्या बारीक पोकळ्यांतून ते स्फुरद, जस्त आणि थोडे पाणी मिळवून देतात. त्यामुळे ताणात पीक उशिरा कोमेजते आणि पाऊस आल्यावर लवकर सावरते. मात्र जमिनीत ओलच नसेल तर बुरशी ती कुठून आणणार?

ही मदत फुकट नसते. पीक आपण तयार केलेल्या अन्नातील सुमारे ४ ते २० टक्के वाटा बुरशीला देते. जमिनीत स्फुरद भरपूर असेल तर पीक बुरशीला फारसा थारा देत नाही. म्हणून भरपूर डीएपी टाकून वर मायकोरायझा देणे म्हणजे दुहेरी खर्च. आधी माती परीक्षण करा.

कांद्याच्या मुळांवर केसमुळे कमी असतात, त्यामुळे त्याला या बुरशीचा चांगला उपयोग होतो. मिरची, मका, ज्वारी, तूर, डाळिंब यांच्या मुळांवरही ती वाढते. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक आणि बीट यांच्या मुळांवर ती वाढत नाही. तिथे पैसे घालू नका.

बुरशी मुळाला टेकली पाहिजे. रोपवाटिकेत बियाण्याखाली थर द्या किंवा लावणीच्या वेळी खड्ड्यात मुळाशी टाका. पानांवर फवारून उपयोग नाही. कार्बेन्डाझिमची आळवणी त्याच वेळी करू नका. पाकिटावर प्रति ग्रॅम किमान १०० जिवंत बीजघटक असल्याची नोंद आणि मुदत पाहूनच घ्या. मात्रा लेबलप्रमाणे ठेवा.

तुमच्या जमिनीत ही बुरशी बहुधा आधीच आहे, ती टिकवणे जास्त स्वस्त. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनी वर्षाहून अधिक काळ पडीक ठेवल्यावर पुढच्या पिकांत स्फुरद-जस्ताची कमतरता दिसली, आणि कारण निघाले बुरशी घटल्याचे. जिवंत मुळाशिवाय ती जगत नाही. शेत फार काळ मोकळे ठेवू नका, गरजेपेक्षा जास्त नांगरट टाळा.

पहिल्या वर्षी चार ओळी मायकोरायझाविना ठेवा. मुळांवर नुसत्या डोळ्यांनी ही बुरशी दिसत नाही, त्यामुळे पावसाच्या खंडात या ओळींशी तुलना करूनच तुमच्या शेतातला फरक कळेल.