खिशातल्या आगीचा इतिहास: ई-सिगारेटचा सेल आणि पालीचा शेजार

१. मीरा-भाईंदरच्या समुद्राकडच्या टोकाला, उत्तनला लागून पाली हे मच्छीमारांचे जुने गाव आहे. याच परिसरातील धावगी डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. तेथील कचऱ्याला आगी लागत आल्या आहेत आणि धुराविरुद्ध ग्रामस्थांनी वारंवार तक्रारी केल्या आहेत. कचरा कुजताना निघणारा मिथेन वायू अशा आगींना पोषक असतो. आता कचऱ्यात आणखी एक ज्वालाग्राही वस्तू मिसळू लागली आहे, ती म्हणजे लिथियमचा सेल. तो खिशात कसा आला आणि त्याची जबाबदारी कोणाची, याचा हा मागोवा.

२. १९७० च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूचा, पुन्हा भारित होणारा सेल सिद्ध केला. त्यात एक दोष होता. वारंवार चार्ज करताना धातूवर सुईसारखे काटे वाढत. ते मधला पडदा भेदून पलीकडे पोहोचले की आतल्या आत शॉर्टसर्किट होई. १९८९ मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीचे असे सेल असलेले मोबाइल फोन जपानमध्ये पेटले आणि ते परत मागवावे लागले.

३. उपाय तोवर सापडला होता. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन अग्र दिला. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू काढून त्याच्या जागी कार्बनयुक्त पदार्थ वापरला. १९९१ मध्ये सोनीने हा लिथियम-आयन सेल बाजारात आणला. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

४. तरी धोका संपला नाही, तो बांधला गेला. सेलमधील द्रव आजही ज्वलनशील आहे. चार्जिंग सुमारे ४.२ व्होल्टवर थांबवणारे सर्किट, दाब वाढल्यास उघडणारी झडप, उष्णतेने छिद्रे मिटणारा पडदा, अशी पहाऱ्याची साखळी त्याच्याभोवती उभी आहे. ती तुटली की उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते, आणि सेल काही क्षणांत पेट घेतो.

५. विजेवर चालणाऱ्या सिगारेटचे पेटंट अमेरिकेच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्येच मिळाले होते. पण ती बाजारात रुजली नाही. २००३ च्या सुमारास चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी आधुनिक ई-सिगारेट घडवली, तेव्हा लहान आणि जोरकस सेल तयारच होता.

६. पुढे हौशी मंडळींनी 'मेकॅनिकल मॉड' वापरात आणले: धातूची नळी, एक बटण आणि आत १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा सेल. रक्षक सर्किट नाहीच. ओहमचा नियम लावून पाहावा: ४.२ व्होल्टच्या सेलला ०.२ ओहमचे वेटोळे जोडले की २१ अँपिअर प्रवाह मागितला जातो. लॅपटॉपसाठी बनलेल्या अनेक सेलची मर्यादा याहून बरीच कमी असते.

७. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये अहवाल दिला. २००९ ते २०१६ या काळात तेथील प्रसारमाध्यमांत आलेल्या अशा आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना त्यात आहेत. ६१ वेळा उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता, ६० वेळा वापर चालू होता, ४८ वेळा चार्जिंग. दंडगोल सेलची टोके कमकुवत असतात. म्हणून तो फुटला की अग्निबाणासारखा सुटतो.

८. त्या आकड्यांतूनच काळजीचे नियम निघतात. सुटा सेल किल्ल्या वा नाण्यांसोबत ठेवू नये. प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. वेष्टन फाटलेला, दबलेला किंवा फुगलेला सेल वापरू नये, टोचूही नये. चार्जर त्या उपकरणासाठीचाच असावा. झोपताना किंवा उशीजवळ चार्जिंग नको.

९. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद झाली. आरोग्याच्या दृष्टीने बंदीची कारणे सबळ होती. पण चोरवाटेने आलेल्या वस्तूला ना तपासणीचा शिक्का, ना माहितीपत्रक, ना तक्रारीचे दार.

१०. येथेच कायद्यात एक पोकळी दिसते. २००१ चे बॅटरी नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या, त्या कचराभूमीत टाकण्यास आणि जाळण्यास मनाई केली, आणि गोळा करण्याचा भार उत्पादकावर टाकला. परंतु बंदी असलेल्या वस्तूला कायद्याच्या दप्तरी उत्पादकच नसतो. मग तिचा सेल परत घेणार कोण? घेणारा नसला की तो घंटागाडीत पडतो, गाडीत दाबला जातो आणि शहराच्या कचऱ्यासोबत वाट चालू लागतो.

११. खिशातून गेलेला धोका कोणाच्या तरी शेजारी जाऊन थांबतो. जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलनात देणे हे छोटे काम आहे. ते टळले, तर त्याची किंमत वापरणारा मोजत नाही. आधी कचरा निवडणारा कामगार मोजतो, आणि मग डोंगराखालचे गाव.