मत्स्यटाकीतील वनस्पतींची छाटणी

गोड्या पाण्याच्या काचटाकीतील जिवंत झाडे कापून पुन्हा वाढवण्याची पद्धत. हायड्रिला, हायग्रोफिला, रोटाला अशा खोडाच्या वनस्पती पेराच्या किंचित वर कापतात. शेंड्यातील ऑक्झिन या संप्रेरकाचा अंकुश सुटतो, खालचे डोळे फुटतात आणि झाड दाट होते. कापलेला शेंडाही वाया जात नाही. खालची पाने काढून तो वाळूत खोवला की पेरांतून मुळे धरतो.

व्हॅलिस्नेरियाला हा न्याय लागू नाही. तिचे पान बुडातून वाढते, मध्येच कापले तर टोक तपकिरी पडते. जुने पान मुळाशी खुडावे, आडव्या धावत्या फांद्यांवरची रोपे वेगळी लावावीत.

वऱ्हाडात खरी कसोटी पाण्याची. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावतीच्या बऱ्याच गावांत, भूजलच खारट. तिथे व्हॅलिस्नेरिया तग धरते, नाजूक रोटाला रुसते. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि तरंगता पाला कुजला तर उरलेलाही संपतो, म्हणून उन्हाळ्यात थोडी थोडी छाटणी करून पाला लगेच काढतात.

काढलेला पाला अमरावतीच्या वडाळी तलावात मात्र टाकू नये. हायड्रिला तुकड्यातूनही उगवते. १९५०च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले तलाव, कालवे तुंबले.