यंत्रातला ठरवून ठेवलेला कच्चा दुवा

ओव्हरलोड क्लच हा फिरणाऱ्या दोन भागांमधला असा जोड आहे, की ठरलेल्या मर्यादेपर्यंत तो पीळ, म्हणजे टॉर्क, पुढे पोचवतो आणि मर्यादा ओलांडली की घसरतो, सुटतो किंवा सरळ तुटतो. कन्व्हेअरमध्ये लोखंडाचा तुकडा अडकला किंवा मिक्सरमधला माल घट्ट होऊन बसला, तर मोटार थांबण्याआधीच हा जोड मोकळा होतो आणि गिअरबॉक्स, चेन, शाफ्ट वाचतात. यंत्रांचा इतिहास सहसा वाढत्या ताकदीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या जोडाचा इतिहास उलट बाजूने वाचावा लागतो. जुन्या यंत्रांत कच्चे दुवे आपोआपच होते: लाकडी दाते, घसरणारे पट्टे, चिखलात जागच्या जागी फिरणारी चाके. सुधारणांनी ते एकेक करून घालवले, आणि प्रत्येक वेळी तोच कच्चेपणा मोजूनमापून पुन्हा यंत्रात बसवावा लागला.

युरोपातल्या पाणचक्क्यांत आणि पवनचक्क्यांत शतकानुशतके दाते लाकडाचेच होते. जात्यात काही अडकले की एखाददुसरा दाता मोडायचा. गिरणीवाला मोडका दाता ठोकून काढी, हाताशी असलेला नवा बसवी आणि दळण पुढे चालू होई. मोठे चाक आणि त्याचा आस मात्र शाबूत राहत. लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ १७८६ मध्ये अल्बियन मिल सुरू झाली. तिथे वॉटची वाफेची इंजिने होती आणि जॉन रेनी यांनी दाते, चाके, आस असे सगळे लोखंडाचे केले होते. ही गिरणी १७९१ मध्ये आगीत गेली, पण लोखंडी गिअरची पद्धत टिकली. तरीही लाकडी दाते लगेच हद्दपार झाले नाहीत. एकोणिसाव्या शतकातही बिडाच्या चाकात खोबणी ठेवून त्यांत लाकडी दाते ठोकत आणि त्यांच्यासमोर छोटे लोखंडी चाक फिरवत. आवाज कमी होतो हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की मोडलाच तर लाकडाचा एक दाता मोडतो, ओतीव चाक फुटत नाही. बदलायला स्वस्त भाग आधी तुटावा हा विचार इथे स्पष्ट दिसतो.

लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये हाच विचार अधिक ठामपणे राबवला गेला. तापलेली लगड थंड पडून दोन रोलांमध्ये अडकली तर इंजिनाच्या प्रचंड गतिचक्रात साठलेली सगळी ऊर्जा रोलवर येऊन आदळते. रोल तुटला तर दिवसच्या दिवस काम बंद. म्हणून रोलच्या स्क्रूखाली बिडाची एक पेटी ठेवत. बीड दाबाखाली न वाकता एकदम फुटते, आणि इथे तोच त्याचा गुण ठरला. रोल फिरवणारे जोडही रोलच्या मानेपेक्षा मुद्दाम अशक्त ओतले जात. आजच्या शिअर पिनची, म्हणजे ठरल्या भाराला कापल्या जाणाऱ्या खिळीची, ही सख्खी पूर्वज मंडळी होत.

कापडगिरण्यांत प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला, किंबहुना बराच काळ तो उभाच राहिला नाही. एका इंजिनावर लांबलचक शाफ्ट, शाफ्टवर पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून यंत्रावर उतरणारा चामड्याचा चपटा पट्टा अशी रचना असे. मँचेस्टरच्या विल्यम फेअरबर्न यांनी जाडजूड, संथ शाफ्टांच्या जागी हलके आणि वेगवान घडीव लोखंडी शाफ्ट आणले आणि ही रचना जगभर पसरली. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्याही याच पद्धतीच्या होत्या. यंत्र अडकले की पट्टा पुलीवर घसरे, चुरचुरे, जळका वास येई, फार झाले तर पुलीवरून उतरे. उतरलेला पट्टा कामगाराला जायबंदी करू शके, म्हणून या व्यवस्थेचे कौतुक बेतानेच करावे. यंत्राला मात्र तिने अनेकदा वाचवले.

मागावर पट्ट्याच्या घसरण्याने भागत नसे, कारण तिथे सर्वांत नाजूक भाग म्हणजे सूतच. एका बाजूने फेकलेला धोटा पलीकडच्या पेटीत पोचण्याआधी ताण्यात अडकला आणि फणी नेहमीच्या जोराने पुढे आली, तर धोट्याच्या रेट्याने शेकडो धागे एकदम तुटतात. विणकराला ते एकेक करून जोडत बसावे लागते. ब्लॅकबर्नमध्ये विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी १८४२ च्या सुमारास जो माग घडवला, आणि जो पुढे लँकेशायर माग म्हणून ओळखला गेला, त्यात फणी खालच्या बाजूने सैल ठेवलेली होती. अडकलेल्या धोट्याचा दाब आला की फणीची खालची कड मागे सरके आणि माग थांबे, धागे वाचत. ही फणी क्लच नव्हे. तरी पुढच्या सगळ्या ओव्हरलोड क्लचांचे तत्त्व तिच्यात पुरते उतरले आहे: भार ठरल्याबाहेर गेला की जागा सोडायची, यंत्र थांबवायचे आणि काहीही न मोडता पुन्हा जागेवर यायचे.

शेतीच्या यंत्रांची गोष्ट पुढच्या शतकातली. कापणी करून पेंढ्या बांधणारे यंत्र आधी स्वतःच्या चाकावर चाले. घोडे ओढत आणि जमिनीवर फिरणाऱ्या मोठ्या चाकातून पात्याला गती मिळे. पीक दाट आले की ते चाक मातीत घसरे आणि यंत्र थांबे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८ मध्ये ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती थेट मागच्या अवजाराला देणारा शाफ्ट, म्हणजे पीटीओ, बाजारात आणला. त्याची मिनिटाला ५४० फेऱ्यांची गती पुढे प्रमाण ठरली. ओल्या शेतात अडणारे काम या शाफ्टने सोपे केले, पण मातीत घसरणारे चाक मधून गेले. आता दगड अडकला तर इंजिनाचा सगळा जोर अवजारावरच येऊ लागला. पीटीओच्या शाफ्टवर स्लिप क्लच किंवा शिअर बोल्ट बसवणे त्यामुळे भाग पडले. पेंढ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरच्या गतिचक्रावर असा बोल्ट आजही असतो.

कारखान्यात हीच गोष्ट विजेच्या मोटारीने घडवली. मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ च्या सुमारास त्रिकला वीजप्रवाहावर चालणारी साधी, दणकट पिंजरा-मोटार बनवली. विसाव्या शतकात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार आली; पट्टे गेले, त्यांच्या जागी गिअरबॉक्स आणि चेन आल्या. अशी मोटार नेहमीच्या टॉर्कच्या दुप्पट-अडीचपट जोर काही क्षण सहज देते. मोटारीच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले उष्णतेवर चालतो, त्यामुळे त्याला काही सेकंद लागतात. तो मोटारीचे वेटोळे जळण्यापासून वाचवतो. गिअरचा दाता तुटायला सेकंदाचा छोटासा अंशही पुरतो. शिवाय मिनिटाला १४४० फेऱ्या मारणाऱ्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जा वीज बंद केल्यावरही कुठेतरी जायलाच हवी. यांत्रिक ओव्हरलोड क्लचची खरी गरज इथे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न साखर कारखान्यांत ठळकपणे दिसतो. सहकारी कारखानदारीची सुरुवात १९५० मध्ये प्रवरानगरला झाली आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. शेतातून उसाबरोबर दगड येतात, मोळीत राहिलेला एखादा कोयता येतो, ट्रॉलीची साखळी येते. लोहचुंबक लावले तरी सगळे पकडले जात नाही. गव्हाणीच्या आणि चिपाडाच्या कन्व्हेअरच्या स्प्रॉकेटवर म्हणून शिअर पिन बसवण्याची पद्धत आहे. हिशोब साधा असतो. ७.५ किलोवॉटची, १४४० फेऱ्यांची मोटार सुमारे ५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. मध्ये ३० पट गती कमी करणारा गिअरबॉक्स असला तर बाहेरच्या शाफ्टवर तो १५०० च्या आसपास जातो. शाफ्टच्या मध्यापासून १०० मिलिमीटरवर माइल्ड स्टीलची १० मिलिमीटर जाडीची पिन ठेवली, तर ती साधारण २३५० न्यूटन-मीटरला कापली जाते. म्हणजे नेहमीच्या भाराच्या दीडपटीहून थोडी अधिक मर्यादा मिळते. सुरू होतानाचा झटका ती सोसते आणि खरी अडचण आली की तुटते.

हंगाम ऐन भरात असताना अशी पिन वारंवार तुटू लागली, की रात्रपाळीचा फिटर हाताला येईल तो बोल्ट ठोकतो. तो बोल्ट ८.८ ग्रेडचा, १२ मिलिमीटरचा असला, तर कापला जाण्याची मर्यादा ५४०० न्यूटन-मीटरच्या घरात जाते, म्हणजे नेहमीच्या भाराच्या साडेतीन पटींहून अधिक. मोटार एकटी इतका जोर लावूच शकत नाही. मग पुढचा दगड बोल्टला सोडून गिअरबॉक्सचे दाते किंवा शाफ्टची चावी तोडतो. पिन का तुटते आहे हे शोधायला जो अर्धा तास लागला असता, त्याच्या बदल्यात दोन दिवसांचे गळीत जाते. दोष फिटरच्या अज्ञानाचा क्वचितच असतो. कारखाना थांबला म्हणून त्याला जाब विचारला जातो. गिअरबॉक्स वाचला म्हणून शाबासकी कोणी देत नाही. पिनसाठी कठीण पोलादाचे बुश बसवणे, पिनवर नेमकी खाच पाडणे आणि त्याच मापाच्या पिना डबीत भरून यंत्रालाच टांगून ठेवणे हे उपाय या अनुभवातूनच रूढ झाले.

न तुटता घसरणारा क्लच हा पिनेला पर्याय होता. दोन चकत्यांमधले घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते हे कूलाँब यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी दाखवले होते. चकत्यांवरचा दाब स्प्रिंगने ठरवला की घसरण्याचा बिंदू ठरतो. उष्णता सोसणारे अस्तर मात्र मिळत नव्हते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये गाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तरे बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांत अॅस्बेस्टॉस वापरले. तेच साहित्य क्लचमध्ये आले. त्याच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे सिद्ध झाल्यानंतर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. हे अस्तर बनवणाऱ्या आणि बदलणाऱ्या कामगारांनी त्याची फार मोठी किंमत मोजली. स्प्रिंगसाठी ज्युलियन बेलव्हिल यांनी १८६७ मध्ये पेटंट घेतलेली बशीच्या आकाराची चकती उपयोगी पडली. कमी जागेत मोठा दाब देणे हा तिचा गुण.

याच चकतीच्या दुसऱ्या एका गुणावर बॉल-डिटेंट क्लच उभा आहे. चकतीची खोली जाडीच्या मानाने पुरेशी असली, तर एका टप्प्यापुढे ती जितकी दाबावी तितका तिचा जोर कमी होतो. आल्मेन आणि लास्लो यांनी १९३६ मध्ये तिचे गणित मांडल्यावर ही वागणूक आधीच काढता येऊ लागली. या क्लचमध्ये दोन तबकड्यांच्या खळग्यांत पोलादी गोळ्या स्प्रिंगने दाबून बसवलेल्या असतात. भार वाढला की गोळ्या खळग्यातून वर चढतात, तबकडी बाजूला सरकते आणि स्प्रिंगचा जोर घटल्याने जोड जवळजवळ पूर्ण सुटतो. सरकलेली तबकडी शेजारचा स्विच दाबते आणि मोटार बंद होते. छपाई आणि पॅकिंगच्या यंत्रांत सगळ्या हालचाली एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. तिथे खळगे असमान अंतरावर ठेवतात, त्यामुळे क्लच पूर्ण फेरीनंतर त्याच एका जागी पुन्हा बसतो.

बसवण्याच्या जागेवर बरेच काही अवलंबून असते. वेगवान शाफ्टवर क्लच लहान आणि स्वस्त पडतो, पण मधल्या गिअरबॉक्सचे घर्षण त्याची मर्यादा पुसट करते. संथ शाफ्टवर तो मोठा आणि महाग होतो, मात्र अडथळ्याच्या जवळ असल्याने मोटार, गिअरबॉक्स आणि त्यांची साठलेली गती यांना अडथळ्यापासून तोडतो. शक्यतो तिथेच बसवावा. मर्यादा ठरवताना स्प्रिंग सैल ठेवून सुरुवात करायची, पूर्ण भाराने यंत्र चालू करताना क्लच जेमतेम टिकेल इथवर नट आवळायचा, मग थोडा आणखी. शेवटी नट कुलूपबंद करून खूण करायची. घर्षणाच्या क्लचला त्याआधी हलक्या दाबाने थोडा वेळ घसरू द्यावे लागते, म्हणजे अस्तर आणि चकती एकमेकांना लागतात. तो तेलापासून जपावा लागतो, कारण तेल लागलेला क्लच वेळेआधीच घसरतो. आठ महिने शेडमध्ये पडलेल्या शेतीयंत्रावर उलट धोका असतो. गंजून चकत्या चिकटतात आणि क्लच घसरेनासाच होतो. म्हणून हंगाम संपल्यावर स्प्रिंग सैल करून ठेवतात, आणि नवा हंगाम सुरू होण्याआधी क्लच एकदा मुद्दाम घसरवून पाहतात.

आताचे व्हीएफडी, म्हणजे मोटारीची गती बदलणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, मोटारीचा प्रवाह मोजून टॉर्कला लगाम घालतात, आणि हळूहळू वाढणाऱ्या भारासाठी ते पुरेसे असते. अचानक अडकण्याच्या प्रसंगी मात्र फिरत्या रोटरमधली ऊर्जा विजेच्या तारेतून परत घ्यायला वेळ उरत नाही. म्हणून नव्या यंत्रांतही व्हीएफडीच्या पुढे, अडथळ्याच्या बाजूला, गोळ्यांचा क्लच किंवा साधी पिन असतेच.