पाद्रीबुवांची डोंगरसुट्टी

आल्प्समधल्या गिर्यारोहणाचा इतिहास काढला की ब्रिटिश वकील, प्राध्यापक आणि पैसेवाले हौशी लोक आधी समोर येतात. त्यांच्या मागेपुढे काळ्या झग्यातली माणसंही बरीच दिसतात. यात नवल नाही. डोंगराच्या पोटातल्या गावात शिकलेला आणि रविवार सोडला तर थोडीफार सवड असलेला माणूस म्हणजे बहुधा तिथला पाद्रीच.

स्वित्झर्लंडमधल्या डिझेंटिस मठाचे प्लासिदुस आ स्पेशा हे तर गिर्यारोहण हा छंद रूढ व्हायच्या आधीचे. १७८९ मध्ये त्यांनी राइनवाल्डहॉर्न सर केलं. ट्योडी हे शिखर मात्र त्यांना आयुष्यभर हुलकावणी देत राहिलं. १८२४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. शरीर साथ देईना, तेव्हा ते माथ्याखालच्या खिंडीत थांबले आणि सोबतच्या दोन शिकाऱ्यांना त्यांनी पुढे धाडलं. ते दोघे वर पोचले. त्या खिंडीला आज स्पेशांचंच नाव आहे.

थांबण्याची याहून अवघड पाळी आली ती आमे गोरे या तरुण पाद्र्यावर. गोरे मॅटरहॉर्नच्या इटालियन बाजूच्या वालतूर्नांश गावचे. सेमिनरीत शिकत असतानाच, १८५७ मध्ये, कॅरेल घराण्यातल्या दोघांना घेऊन ते या डोंगराची वाट धुंडाळून आले होते. पुढे १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिम्पर स्वित्झर्लंडच्या बाजूने आधी माथ्यावर पोचला. उतरताना त्याच्या तुकडीतले चौघे कड्यावरून कोसळले. त्यांतले एक होते चार्ल्स हडसन, लिंकनशरमधल्या स्किलिंग्टनचे व्हिकर आणि त्या काळचे नामांकित हौशी गिर्यारोहक. तेही सुट्टीवरच आले होते.

त्या दोन कॅरेलांपैकी झाँ-आंतवान त्या वेळी इटलीच्या बाजूने चढत होता. तो व्हिम्परला माथ्यावर पाहून हिरमुसून माघारी फिरला. गावात सुतकी कळा. तेव्हा गोरे म्हणाले, मी येतो, पुन्हा जाऊ. १७ जुलैला चौघे माथ्याच्या अगदी जवळ पोचले आणि मध्ये एक नाळ आडवी आली. तिच्यात दोराने उतरायचं, तर परतताना वर ओढून घ्यायला कुणीतरी मागे हवं. गोरे आणि ऑगस्टिन मेने दोर धरून तिथेच राहिले; कॅरेल आणि चौथा सोबती बिश वर जाऊन आले. शिखराचे मानकरी म्हणून त्या दोघांचीच नावं लागतात. दोर धरणाऱ्यांना इतिहास तळटीपेत टाकतो, ही जुनीच खोड.

सगळ्यात नावाजलेली जोडगोळी मात्र मिलानची. आकिल्ले राट्टी हे तिथल्या आंब्रोझिआना ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं वाचणारे पाद्री. लुइजी ग्रासेल्ली हे त्यांचे मित्र, तेही पाद्रीच. सुट्टी मिळाली की दोघे वाटाडे घेऊन डोंगरात.

१८८९ च्या जुलैअखेरीस ते माकुन्याग्याहून मोंटे रोझाच्या पूर्वकड्याला भिडले. हा कडा हिमप्रपातांसाठी कुप्रसिद्ध. आठ वर्षांपूर्वी दामियानो मारिनेल्ली आणि त्यांचे दोन वाटाडे इथेच गाडले गेले होते. वाटेतली निवाऱ्याची झोपडी त्या मारिनेल्लींच्याच नावाची. राट्टी, ग्रासेल्ली आणि गादिन व प्रोमां हे वाटाडे माथ्याजवळ पोचेपर्यंत अंधारून आलं. साडेचार हजार मीटरांच्या वर, पाय पसरायलाही जागा नसलेल्या कपारीवर, त्यांनी रात्र काढली. झोप लागणं म्हणजे खाली जाणं, म्हणून पाय आपटत, बोलत जागायचं. सोबतचं खाणंपिणं गोठून गेलेलं. सकाळी त्यांनी ४,६३४ मीटर उंचीचं ड्यूफूरश्पिट्झ गाठलं आणि खिंड ओलांडून झरमाटच्या बाजूला उतरले. पुढच्याच वर्षी मों ब्लांवरून इटलीकडे उतरताना या दोघांनी जो मार्ग काढला, तो आजही वापरात आहे. राट्टींनी या चढायांची वर्णनं इटालियन आल्पाइन क्लबच्या नियतकालिकात लिहिली. ग्रंथपालाला शोभेल अशी ती नेमकी आणि बडेजाव नसलेली आहेत.

१९२२ मध्ये राट्टी पोप झाले, अकरावे पायस. इटलीच्या सरकारशी असलेल्या तंट्यामुळे १८७० पासून पोप व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकत नसत. राट्टींनीही १९२९ च्या करारापर्यंत ते पाळलं. डोंगर असा तुटलाच.

मॅटरहॉर्नच्या गोरेंना मात्र डोंगराचा छंद एवढा मानवला नाही. फटकळ तोंड आणि मनस्वी वागणं वरिष्ठांना रुचेना. या पॅरिशमधून त्या पॅरिशमध्ये बदल्या होत राहिल्या. अखेर १८८४ मध्ये त्यांना आयास खोऱ्याच्या टोकावरच्या सेंट-जॅक या वस्तीत नेमलं गेलं. ‘डोंगरातलं अस्वल’ हे टोपणनाव मात्र त्यांनी आवडीने मिरवलं. १९०७ मध्ये ते वारले.

पुढे १९२३ मध्ये पोप राट्टींनी एका पत्रात गिर्यारोहणाची तोंडभरून स्तुती केली आणि मेंथनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत ठरवलं. हे बर्नार्ड आओस्ताचे आर्चडीकन होते, म्हणजे गोरेंच्याच धर्मप्रांतातले एक पाद्री.