आरशात दिसलेला आवाज

आवाज बसल्याची तक्रार घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलात, तर ते बऱ्याचदा एक अगदी साधी तपासणी करतात. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून बाहेर ओढतात, लांब दांड्याचा एक छोटा गोल आरसा किंचित गरम करतात, फार गरम झाला नाही ना हे स्वतःच्या हातावर टेकवून पाहतात, मग तो तुमच्या घशात पडजिभेपाशी ठेवतात आणि म्हणतात, ‘‘आता ‘ई’ म्हणा.’’ आता अनेक ठिकाणी कॅमेऱ्याची दुर्बीण आली आहे, तरी हा आरसा अजून बाद झालेला नाही. तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या आरशासारखाच तो सपाट असतो. गंमत म्हणजे जिवंत माणसाचे स्वरयंत्र या आरशात कसे पाहायचे, हे वैद्यकाला दाखवून देणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो गाणे शिकवणारा मास्तर होता.

अडचण नेमकी काय होती?

तोंड उघडले की घशाची मागची भिंत दिसते. स्वरयंत्र मात्र तिथून खाली, काटकोनात वळल्यावर येते. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे तो त्या वळणावर आपोआप वळत नाही. आपली नजरही वळत नाही.

वळण घ्यायचे तर आरसा हवा. सपाट आरशावर किरण ज्या कोनात येतो, त्याच कोनात तो दुसऱ्या बाजूला परावर्तित होतो. हे कोन आरशाला काटकोनात उभ्या असलेल्या काल्पनिक रेषेपासून, म्हणजे स्तंभिकेपासून मोजतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने या नियमाची भूमितीच्या आधारे उपपत्ती दिली होती. आरसा घशात ४५ अंशांत तिरका धरला, तर समोरून आडवा आलेला किरण ४५ अंशांत आपटून ४५ अंशांत परततो. एकूण ९० अंश वळून तो थेट खाली स्वरयंत्रावर पडतो. तिथून उलट निघालेला प्रकाश त्याच वाटेने तुमच्या डोळ्यापर्यंत येतो.

म्हणजे नियम शेकडो वर्षे माहीत होता. अडत होते ते पुरेसा प्रकाश आत पोहोचवण्यापाशी. प्रकाश आणि नजर, दोन्ही जवळपास एकाच रेषेत हवेत, आणि मध्ये डॉक्टरांचे डोके येते! १८०७ मध्ये फ्रँकफर्टच्या फिलिप बोत्सिनी या डॉक्टरने मेणबत्ती आणि आरसा बसवलेले एक उपकरण मांडले, पण व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळींनी ते नाकारले. १८२९ मध्ये लंडनच्या बेंजामिन बॅबिंग्टन यांनी घशातला आरसा आणि सूर्यप्रकाश यांचा मेळ घातला, पण ती पद्धत रुळली नाही.

सहा फ्रँकचा आरसा

मानुएल गार्सिया १८०५ मध्ये एका नामवंत स्पॅनिश गायक घराण्यात जन्मले. वडील मोठे गायक, बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो तर युरोपभर गाजलेल्या. मानुएल यांचा स्वतःचा आवाज मात्र तरुणपणीच खराब झाला आणि ते शिकवण्याकडे वळले. १८४१ मध्ये येनी लिंड ही स्वीडिश गायिका थकलेला, बिघडलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे पॅरिसला आली. त्यांनी आधी तिला काही आठवडे आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला लावली आणि मगच शिकवायला सुरुवात केली. सल्ला योग्यच होता, पण तो अंदाजाने दिलेला. आत काय बिघडले आहे, हे पाहायची सोय कुणाकडेच नव्हती.

सप्टेंबर १८५४ मध्ये पॅरिसच्या पाले रोयालमध्ये फिरताना त्यांना एकदम दोन आरशांची मांडणी सुचली. तडक शार्रियेर या शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्यांनी लांब दांड्याचा, दातांच्या डॉक्टरांसाठीचा एक छोटा आरसा सहा फ्रँकला घेतला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याला कुणी विचारले नव्हते. घरी येऊन तो कोमट पाण्यात गरम केला आणि पुसून पडजिभेला लावला. (थंड काचेवर श्वासाची वाफ धरते, म्हणून गरम करायचा. आम्ही आजही हेच करतो.) दुसऱ्या, हातातल्या आरशाने त्यांनी सूर्याचा कवडसा घशातल्या आरशावर टाकला. त्याच हातातल्या आरशात त्यांना स्वतःचे उघडे स्वरयंत्र दिसले, आणि त्याखाली श्वासनलिकेचा काही भागही.

१८५५ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. गाताना स्वररज्जू जवळ येऊन कसे कंपतात, याचे ते वर्णन होते. रोग शोधणे हा त्यांचा हेतूच नव्हता. तो उपयोग १८५७-५८ मध्ये व्हिएन्नाचे ट्युर्क आणि पेस्टचे चेर्माक यांनी ओळखला. ट्युर्क सूर्यावर अवलंबून होते, त्यामुळे आभाळ भरून आले की काम बंद. चेर्माक यांनी दिव्याचा प्रकाश आणि तो एकवटणारा अंतर्वक्र आरसा वापरला. मधोमध भोक असलेल्या अशा आरशातून पाहिले की प्रकाश आणि नजर एका रेषेत येतात. डॉक्टरांच्या कपाळावरचा तो गोल आरसा याच परंपरेतला.

आरसा काय उलटवतो?

सपाट आरसा डावे-उजवे उलटवतो, असे आपण म्हणतो. खरे तर तो आरशाला काटकोनात असलेली एकच दिशा उलटवतो. घशातल्या तिरक्या आरशात स्वरयंत्राचा पुढचा भाग वर दिसतो आणि मागचा भाग खाली. डावा स्वररज्जू मात्र डावाच राहतो. समोरासमोर बसल्यावर तुमचा डावा हात जसा डॉक्टरांच्या उजव्या बाजूला दिसतो, तसाच तोही दिसतो. शिकाऊ डॉक्टरला हे पहिल्याच आठवड्यात पक्के करावे लागते, नाहीतर गाठ पुढे असताना तो मागे लिहून मोकळा होईल.

आरशाची मर्यादा

१८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. गेरहार्ट यांना आरशात डाव्या स्वररज्जूवर एक लहानशी वाढ दिसली. मोठी शस्त्रक्रिया करावी, असे जर्मन डॉक्टरांचे मत पडले. इंग्लंडहून आलेले मोरेल मॅकेन्झी म्हणाले, आधी तुकडा काढून तपासा. ते तुकडे फिरखो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यांत कर्करोग सापडला नाही आणि शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबरमध्ये मात्र कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला वारले.

परावर्तनाच्या नियमात काहीच चुकले नव्हते. पण आरसा पृष्ठभाग दाखवतो, त्याखाली काय आहे ते नाही. आणि तपासायला घेतलेला तुकडा भलत्या जागचा किंवा अपुरा असेल, तर सूक्ष्मदर्शकही फसतो. म्हणून एकदा ‘काही नाही’ असा रिपोर्ट आला आणि तक्रार तशीच राहिली, तर पुन्हा तपासायलाच हवे.

आपल्याकडे तंबाखू, विडी, सिगारेट यांचे प्रमाण मोठे आहे आणि ‘घसा धरलाय, मिठाच्या गुळण्या करतोय’ म्हणत महिने काढणारेही पुष्कळ. सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर स्वरयंत्र एकदा पाहून घ्या. स्वररज्जूचा कर्करोग आवाज लवकर बदलतो, त्यामुळे तो लवकर सापडू शकतो, आणि लवकर सापडल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. गिळताना त्रास, थुंकीतून रक्त किंवा मानेत गाठ असेल, तर तीन आठवडेही थांबू नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तडक हॉस्पिटल गाठा.

गार्सिया १९०६ मध्ये १०१ वर्षांचे होऊन गेले. आदल्या वर्षी त्यांच्या शंभरीच्या सोहळ्यासाठी देशोदेशीचे घशाचे डॉक्टर लंडनला जमले होते. एका गानशिक्षकाने आपल्याला पाहायला शिकवले, ही कृतज्ञता त्यामागे होती. तो आरसा घशात गेला की उमासा येतो, हे खरे. पण जेमतेम मिनिटभराचे काम असते. ‘ई’ म्हणा, आणि बघू द्या.