पराभवानंतरचे ॲडम्स

राष्ट्राच्या सर्वोच्च पदावरून उतरलेला मनुष्य पुढे काय करतो? बहुधा तो आठवणी लिहितो आणि मानमरातबात उरलेले दिवस घालवितो. अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी निराळी वाट धरली, आणि त्यांची खरी कीर्ती त्याच वाटेवर उभी आहे.

११ जुलै १७६७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन ॲडम्स हे दुसरे राष्ट्राध्यक्ष. दहाव्या वर्षी वडिलांबरोबर फ्रान्सला गेलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी रशियात अमेरिकी दूताचा चिटणीस झाला. पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी १८१९ च्या तहाने फ्लॉरिडा मिळविला. १८२३ च्या मन्रो सिद्धांतामागेही त्यांचीच बुद्धी होती.

१८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ व ॲडम्स यांना ८४ निर्वाचक मते मिळाली. बहुमत कोणासच नव्हते. म्हणून प्रतिनिधिगृहाने निवड केली, ती ॲडम्स यांची. त्यांनी हेन्री क्ले यांस परराष्ट्रमंत्री नेमताच ‘सौदा झाला’ अशी ओरड उठली. रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा या त्यांच्या योजनांकडे काँग्रेसने पाठ फिरविली. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला.

येथे सामान्य चरित्र संपले असते. परंतु १८३१ मध्ये ॲडम्स प्रतिनिधिगृहात साधे सदस्य म्हणून येऊन बसले. राष्ट्राध्यक्षपद भूषविल्यानंतर त्या गृहात बसलेले ते आजवरचे एकमेव गृहस्थ होत. गुलामगिरीविरुद्ध हजारो नागरिकांचे, विशेषतः स्त्रियांचे, अर्ज तेथे येत. दक्षिणेच्या सदस्यांना ते सोसवेनात. १८३६ मध्ये गृहाने नियम केला, की असे अर्ज न वाचता, न चर्चिता बाजूस ठेवावेत. ॲडम्स यांचा प्रश्न सरळ होता: ज्या संविधानाने दाद मागण्याचा हक्क दिला, त्याच्याच सभागृहात नागरिकाचे तोंड कसे बांधता येईल?

१८३७ मध्ये, गुलामांनी पाठविलेला अर्ज या नियमात बसतो काय, असे त्यांनी सभापतींना विचारले. गदारोळ उसळला, निषेधाचा ठराव आला. तेव्हा म्हाताऱ्याने शांतपणे सांगितले, की त्या अर्जात गुलामगिरी रद्द करू नये अशीच मागणी आहे! ठराव बारगळला. १८४१ मध्ये ‘आमिस्ताद’ जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली, आणि ते बंदिवान मुक्त झाले. अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी तो मुस्कटदाबीचा नियम रद्द झाला. आठ वर्षांच्या चिकाटीचे ते फळ होते.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी सभागृहातच ते कोसळले, आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत त्यांनी प्राण सोडला. गुलामगिरी तेव्हा संपली नव्हती. ती १८६५ मध्ये संपली. पण ॲडम्स कोसळले त्या सभागृहाच्या सदस्यांत इलिनॉयहून आलेले एक नवखे वकील होते. त्यांचे नाव अब्राहम लिंकन.

पद गेले तरी कर्तव्य उरते, हे ॲडम्स यांनी बोलून नव्हे, त्या साध्या आसनावर सतरा वर्षे बसून दाखविले.