भाऊसाहेब हिरे आणि कुळांची जमीन

नाशिकच्या गंगापूर रोडवरील के. टी. एच. एम. महाविद्यालयाचे नाव नित्य शेकडो मुखांनी उच्चारले जाते. परंतु त्यातील ‘एच’ हे अक्षर कोणाचे, याचा विचार क्वचितच होतो. ते भाऊसाहेब हिरे यांचे होय.

मालेगाव तालुक्यातील निमगाव येथे १९०५ साली शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वकिलीचे शिक्षण घेऊन ते काँग्रेसच्या कार्यात शिरले आणि पुढे मुंबई राज्याचे महसूलमंत्री झाले. त्यांच्या हातून घडलेले थोर कार्य म्हणजे कुळकायद्याची सुधारणा.

जमीन एकाने कसावी आणि मालकी दुसऱ्याची असावी, अशी खेड्यापाड्यांची जुनी रीत होती. करार बहुधा तोंडी. मालकाची मर्जी फिरली की कूळ बांधाबाहेर! १९४८ च्या कायद्याने बागायतीचा खंड उत्पन्नाच्या एक चतुर्थांशावर आणि जिरायतीचा एक तृतीयांशावर जाऊ नये, असे ठरविले. कुळास संरक्षण लाभले, परंतु मालकी बव्हंशी दूरच राहिली. भाऊसाहेबांच्या कारकीर्दीत १९५६ साली अमलात आलेल्या सुधारणेने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ नेमला. त्या दिवशी पात्र कुळाने जमीन विकत घेतली, असे कायद्यानेच मानावयाचे होते. किंमत साऱ्याच्या २० ते २०० पट असून ती हप्त्यांनी फेडण्याची सवलत होती.

कायदा निर्दोष नव्हता. स्वतः कसण्याच्या सबबीवर मालकांस जमीन परत मागता येत असे, आणि कित्येक कुळांनी दडपणाखाली ‘राजीखुशीने’ जमिनी सोडून दिल्या. कागदोपत्री नाव नसलेला कसणारा तर न्यायाच्या दारापर्यंतही पोहोचला नाही.

दैवाचा खेळ असा, की ऑक्टोबर १९५६ मध्ये द्विभाषिक राज्याच्या नेतेपदाच्या निवडणुकीत भाऊसाहेबांना १११ मते मिळाली, तर यशवंतराव चव्हाणांना ३३३. कृषक दिन उजाडला तेव्हा राज्याची धुरा यशवंतरावांकडे होती. १९६१ साली भाऊसाहेब निवर्तले. महाविद्यालय त्यानंतर, १९६९ साली निघाले, आणि तेथील वाणिज्य शाखेस त्यांचे नाव देण्यात आले.

मंत्रिपदे येतात आणि जातात. परंतु ज्या घरी सातबाऱ्यावरील ‘कूळ’ हा शब्द जाऊन तेथे मालक म्हणून आजोबांचे नाव लागले, त्या घरास भाऊसाहेबांची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही.